बेडेकर सिनेमात ‘वाया’ गेले काय?

मागील पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या माडीवर, विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ या कादंबरीवर व्याख्यान झाले. व्याख्याते व्यासंगी होते, श्रोतृवर्ग जाणता होता, आणि बाहेर पावसाची झड लागलेली असूनही माडी भरून गेली होती. चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा यांच्या त्या अल्पायुषी प्रेमाविषयी व्याख्यात्यांनी तासभर जे विवेचन केले ते आम्हांस मनापासून आवडले. परंतु समारोपाच्या वेळी त्यांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि म्हटले की, एवढ्या सामर्थ्याचा लेखक, पण सिनेमाने गिळला. तो त्या धंद्यात पडला नसता तर मराठीला आणखी चार ‘रणांगणे’ मिळाली असती. सभा हळहळली. अध्यक्षांनी आभार मानताना तोच सुस्कारा पुन्हा एकवार सोडला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतील एक तरुण उठून उभा राहिला व त्याने विचारले, ‘सर, मला पटकथा लिहायची आहे. बेडेकरांची एखादी पटकथा वाचायला कुठं मिळेल?’ व्यासपीठावरून उत्तर आले, ‘आधी बी.एड. पुरं करा!’ सगळे हसले. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

घरी परतल्यावर मात्र ते हसणे आम्हांस डाचू लागले. प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही सरळ देता आले असते. ‘बाबा रे, मिळणार नाही, या कपाटांत नाही, शेजारच्या गावच्या कपाटांतही नाही, कारण असे काही वाचावयाचे असते ही कल्पनाच आमच्या डोक्यात कधी आली नाही,’ असे प्रामाणिकपणे सांगावयास हवे होते. त्याऐवजी आम्ही त्या मुलास नोकरीचा उपदेश केला. ज्या लेखकाच्या सन्मानार्थ सभा भरली होती त्याचाच धंदा करू पाहणाऱ्यास त्याच सभेने हसून खाली बसविले, आणि यातील विसंगती कोणाच्याही ध्यानी आली नाही. म्हणून त्या सुस्काऱ्याचा एकदा नीट समाचार घ्यावा असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम सनावळी पाहू. कारण हा सुस्कारा सनावळीस मुळीच धरून नाही. बेडेकरांचा जन्म १९०६ सालचा, आमच्याच वऱ्हाडातील अमरावतीचा. १९३३ साली त्यांचे ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. बोलपटाच्या लाटेत नाटक मंडळ्यांचे तंबू उखडू लागले तेव्हा हीच मंडळी सांगली येथे ‘बलवंत पिक्चर्स’ हे नाव घेऊन नव्या व्यवसायात शिरली, आणि १९३४ च्या ‘कृष्णार्जुनयुद्ध’ या बोलपटाचे दिग्दर्शन चिंतामणराव कोल्हटकरांसमवेत बेडेकरांनी केले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस. पुढे चित्रपटकलेचाच अभ्यास करावयाचा म्हणून ते विलायतेस गेले. युरोपावर युद्धाचे सावट दाटले असता तेथून परततानाच्या प्रवासात जे दिसले, त्यातून १९३९ साली ‘रणांगण’ ही कादंबरी निघाली.

वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. बोलपट आधी, कादंबरी मागून. कादंबरीकार बेडेकरांस सिनेमाने पळवून नेले नाही. सिनेमा शिकावयास गेलेल्या बेडेकरांच्या हातून परतीच्या वाटेवर कादंबरी लिहून झाली. तो प्रवास घडला नसता तर ती बोट, ते ज्यू निर्वासित आणि ती हॅर्टा मराठीस कोठून मिळती? ज्या धंद्याने लेखक गिळला म्हणून आम्ही रडतो त्या धंद्यानेच तो लेखक त्या बोटीवर नेऊन बसविला होता. चार ‘रणांगणे’ बुडाल्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी जमेच्या बाजूस ही रक्कमही मांडली पाहिजे.

एवढेच नव्हे. ‘रणांगण’ पुन्हा एकदा हाती घेऊन केवळ तिची बांधणी पाहावी. स्थळ एक: समुद्रावरील बोट. काळ मोजका: बोट मुंबईस लागेतोपर्यंतचा. चक्रधर तेथे उतरणार आणि हॅर्टा पुढे जाणार, हे ठरलेलेच असल्याने प्रत्येक दिवस कमी होत जाणाऱ्या शिलकेसारखा वाटतो. नाना देशांची माणसे दोन ओळींत उभी राहतात आणि मग बोलण्याचालण्यातून उलगडत जातात. लेखक त्यांच्या अंतःकरणावर पानेच्या पाने भाष्य करीत बसत नाही. त्या काळच्या आमच्या कादंबरीत नायक गच्चीवर उभा राहून जीवितहेतूविषयी जे प्रदीर्घ चिंतन करीत असे, त्याची येथे चाहूलही नाही. ही काटकसर बेडेकरांस कोठे सापडली? जेथे एका प्रवेशाचा खर्च रुपया-आणे-पैत मोजला जातो आणि निरुपयोगी वाक्य फितीसह कापून टाकले जाते, तेथे काही वर्षे काढलेल्या माणसास ती सापडावी यात नवल कसले? आमचे टीकाकार ‘रणांगण’चे नावीन्य युरोपीय कादंबऱ्यांत शोधतात. ते तेथेही असेल. पण सांगलीच्या स्टुडिओत शोधावयास कोणी गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता कादंबरीनंतरच्या तथाकथित वाया गेलेल्या वर्षांकडे वळू. त्यांतील पहिलेच मोठे काम ‘शेजारी’. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा १९४१ चा चित्रपट, लेखन बेडेकरांचे. लाहोरास पाकिस्तानचा ठराव होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. त्या वेळी जिवबा आणि मिर्झा या दोन वृद्ध शेजाऱ्यांची मैत्री हा विषय घ्यावयाचा म्हणजे उपदेशाच्या चिखलात पाय रुतण्याची पुरेपूर सोय. सभेत टाळ्या घेणारी भाषणे दोघांच्या तोंडी घालता आली असती आणि प्रेक्षकांनी डोळे पुसलेही असते. बेडेकरांनी निराळेच केले. त्यांनी धर्माच्या भांडणामागची जमीन दाखविली. एका धनिकास तेथे धरण बांधावयाचे आहे. गावाची एकी त्याच्या आड येते. म्हणून ती मोडली पाहिजे, आणि ती मोडण्यास धर्मासारखे स्वस्त हत्यार दुसरे नाही. तंटा माणसांच्या मनात आपोआप उगवत नाही, तो पेरला जातो, आणि पेरणाऱ्याचा हिशेब रोखीचा असतो, एवढा मोठा राजकीय विचार या लेखकाने एका धरणाच्या भिंतीत बसविला. शेवटी ती भिंत फुटते आणि दोघे मित्र एकमेकांचे हात धरून मरतात. भाषण नाही, भरतवाक्य नाही.

हाच चित्रपट हिंदीत ‘पडोसी’ म्हणून निघाला तेव्हा मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांस आणि हिंदू ठाकुराची मजहर खान यांस दिली होती, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. ती दिग्दर्शकाची हुशारी म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु अशी अदलाबदल खपून जाण्यास मुळात दोन्ही पात्रे एकाच मातीची लिहिलेली असावी लागतात, हे कोणी सांगत नाही. ‘शेजारी’तील चांदण्यावरचे समूहगीत आजही घरोघरी गुणगुणले जाते, चित्रपटाचा लेखक कोण असे विचारले तर दहांतील नऊ सुशिक्षित शांतारामांचे नाव घेतील आणि दहावा गप्प राहील. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पापायी आमच्याच जिल्ह्यात ज्या गावांनी पुनर्वसनाचे कागद हाताळले आहेत, त्यांच्यापुढे कोणी हा चित्रपट लावून पाहावा. एकाच गावातील दोन घरांस निरनिराळा मोबदला मिळाला म्हणजे शेजारधर्माचे काय होते, हे त्या लोकांस समजावून सांगावे लागणार नाही.

असे लेखन ज्याने केले त्याने ‘रणांगण’नंतर काही लिहिले नाही, असे म्हणावयाचे असेल तर लिहिणे या शब्दाचा अर्थ आधी ठरविला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, चित्रपट एकाची निर्मिती नव्हे. त्यात लेखकाचे कोणते आणि दिग्दर्शकाचे, छायाचित्रकाराचे कोणते, हे निवडावे कसे? आक्षेप खरा आहे. १९४४ च्या ‘रामशास्त्री’चेच पाहा: दिग्दर्शक म्हणून जागीरदारांचे नाव, परंतु त्या दिग्दर्शनात राजा नेने व बेडेकर यांचेही हात. अशा ठिकाणी श्रेयाची वाटणी करणे हे न्यायाधीश रामशास्त्र्यांसही अवघड गेले असते. पण मग ‘संगीत मानापमान’ तरी कोणाचे? खाडिलकरांचे शब्द, गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा. १९११ मध्ये प्रेक्षक यांपैकी नेमके कशासाठी जागत होते, हे आज कोण सांगणार? तरी त्या नाटकाचे पुस्तक निघाले, ते वाचनालयात राहिले, ते अभ्यासले गेले, आणि खाडिलकर नाटककार म्हणून वाङ्मयेतिहासात बसले. नाटक पुष्कळांचे असूनही नाटककार लेखक ठरतो. चित्रपट पुष्कळांचा असतो एवढ्याच कारणास्तव पटकथाकार मात्र कारकून ठरतो. हा न्याय आम्हांस कळत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. सिनेमा धंदा आहे. तेथे सरस्वती लक्ष्मीच्या दारी पाणी भरते. या आक्षेपास उत्तर देण्याचीही लाज वाटते. देवल, खाडिलकर, गडकरी यांची नाटके ज्या मंडळ्यांनी केली त्या काय धर्मशाळा चालवीत होत्या? तिकीट तेथेही होते आणि मालक तेथेही होता. तिसरा आक्षेप असा की, बहुतेक चित्रपट टाकाऊ असतात. कबूल! आमच्या वाचनालयांतील कादंबऱ्यांची कपाटे मात्र याच कसोटीस लावू नयेत अशी विनंती आहे.

एका बाबतीत मात्र आम्ही व्याख्यात्यांच्या थोडे जवळ जातो. बेडेकरांच्या प्रत्येक चित्रपटाचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. १९६३ चा त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘रुस्तम सोहराब’ पाहावा: भव्य पोशाख, पृथ्वीराज कपूर यांचा गडगडाटी आवाज, सज्जाद हुसेन यांचे अप्रतिम संगीत, सुरैयाचा शेवटचा चित्रपट म्हणून त्यास आलेले मोल, आणि या सगळ्याच्या खाली ‘रणांगण’च्या लेखकाची ती नेमकी, कोरडी वाक्ये शोधूनही सापडत नाहीत. बाप आणि मुलगा एकमेकांस न ओळखता लढतात, हा विषय बेडेकरांस किती जवळचा! येथे तो पोशाखाच्या ओझ्याखाली वाकला असे आमचे मत आहे. १९५० च्या ‘वासुदेव बळवंत’मध्येही वीररस लेखकावर स्वार झालेला दिसतो. हे आम्ही मोकळेपणाने लिहितो. परंतु एवढे लिहिण्यासाठी सुद्धा ते चित्रपट पाहावे लागतात, आणि सुस्कारा सोडणाऱ्यांनी ते पाहिलेले नसतात, ही आमची खरी तक्रार आहे. न पाहता केलेली स्तुती एक वेळ सोसता येते. न पाहता केलेली कीव सोसवत नाही.

उलट १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ची पटकथा घ्या. होनाजी शाहीर, उत्तर पेशवाई, लावणी आणि भूपाळी एकाच कंठातून निघाव्यात हा विरोध. यातून शांतारामांनी केलेला चित्रपट दुसऱ्या वर्षी फ्रान्समधील कान येथील महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. ती भूपाळी आमच्या आयाबहिणींच्या ओठी आहे, वसंत देसायांचे नाव रसिकांस ठाऊक आहे. ही शाहिराची गोष्ट पडद्यावर कोणी रचली, हे मात्र आम्हांस शाळेत किंवा महाविद्यालयात कोणी सांगितले नाही.

गंमत अशी की, मान देण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने बेडेकरांस काही कमी केले नाही. १९८५ साली त्यांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. १९८६ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या आत्मचरित्राचे नाव उपनिषदातील एका दृष्टान्तावरून आले आहे: एक पक्षी फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. नाटक कंपन्यांचे आणि चित्रपटसृष्टीचे दिवस त्यात आहेत, आणि ते आम्ही सर्वांनी चवीने वाचले. म्हणजे स्टुडिओत काय घडले याची हकीकत छापील पानावर आली की ते वाङ्मय. स्टुडिओत प्रत्यक्ष जे निर्माण झाले ते मात्र वाङ्मय नव्हे! स्वयंपाकाचे वर्णन वाचून ढेकर देणारे आणि ताटाकडे पाठ फिरवणारे असे जेवणारे आमच्याखेरीज दुसरीकडे नसतील.

येथे कोणी म्हणेल की, १९९८ मध्ये दिवंगत झालेल्या लेखकासाठी एवढा त्रागा कशाला? त्रागा बेडेकरांसाठी नाही. त्यांचे काम होऊन गेले. तो शेवटच्या रांगेतील मुलगा आणि त्याची बोली यांसाठी आहे. म्हणून आता आमच्या जिल्ह्याकडे येतो.

यंत्राने लेखक बिघडतो ही समजूत आमच्या जिल्ह्यास तरी शोभत नाही. मेहकरचे ना. घ. देशपांडे हे वकील आणि कवी. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या कंठातून ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरली आणि मेहकर कोठे आहे हे ज्यांस ठाऊक नव्हते त्यांच्याही दिवाणखान्यात पोचली. ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला. तबकडी त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा ‘कवी तबकडीने गिळला’ असे कोणी म्हटले नाही. पुढे १९८६ साली, म्हणजे बेडेकरांच्या दुसऱ्याच वर्षी, अकादमीचे पारितोषिक ना. घ. यांच्या ‘खूणगाठी’स मिळाले. अमरावतीचा एक आणि मेहकरचा एक, असे दोन वऱ्हाडी लागोपाठ. दोघांचीही ओळख यंत्रांतून घरोघरी गेलेली. त्यांतील एकाचे आम्ही कौतुक करतो आणि दुसऱ्याची कीव करतो.

तिसरे नाव अधिक जवळचे. अमडापूरचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ साली आली आणि २००४ चे अकादमी पारितोषिक तिला मिळाले. एकनाथ हा एम.ए., बी.एड. झालेला शेतकऱ्याचा मुलगा. नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा घरात नाही आणि शेतीत राम उरलेला नाही. (व्यासपीठावरील उपदेशकांनी हे पुस्तक वाचलेच असणार, बी.एड. पुरे केलेल्याचे पुढे काय होते ते त्यात सविस्तर आहे.) सांजोळ गावाची ही कथा वऱ्हाडी बोलीवाचून उभीच राहू शकत नाही, बाप, आई, भाऊ, सून यांच्या ताणाताणीतील निम्मा अर्थ शब्दांच्या हेलकाव्यात आहे. या कादंबरीवर धीरज मेश्राम यांनी चित्रपट केला. तो हिंदी आहे.

मेश्राम यांस आम्ही दोष देत नाही. त्यांनी निदान तो केला. प्रश्न असा की, बुलढाण्याच्या मातीतील कादंबरीस पडद्यावर जाताना आपली भाषा का सोडावी लागली? चित्रपटाच्या व्यापारात याचे एक कारण सापडते. वितरणासाठी देशाचे जे जुने इलाखे पाडले आहेत त्यांत विदर्भ मुंबईच्या इलाख्यात नाही, तो ‘सी. पी. बेरार’ या इलाख्यात आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत १९५० साली नामशेष झाला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. चित्रपटाच्या वहीखात्यात मात्र बेरार जिवंतच राहिला. भुसावळ आणि अमरावती ही त्या व्यापाराची ठाणी. मलकापूरच्या थिएटरात कोणता चित्रपट लागावा हे मुंबई-पुण्याहून नव्हे, तर आगगाडीने तासाभरावर असलेल्या भुसावळाहून ठरावयाचे, आणि तेथील हिशेब हिंदी चित्रपटाचा. मराठी चित्रपट बहुधा कोल्हापूर-पुण्याच्या बोलीत निघे. तो येथवर येईतो जुना झालेला असे. आणि आला म्हणजे त्यातील पाटील ज्या मराठीत बोले ती आम्हांस हिंदीइतकीच परकी. अशा स्थितीत वऱ्हाडीत पटकथा लिहावी असे कोणास का वाटावे?

पण व्यापारावर सगळे खापर फोडून मोकळे होण्याची सोय आम्ही आम्हांस देऊ इच्छीत नाही. सतीश मन्वर यांनी २००९ मध्ये ‘गाभ्रीचा पाऊस’ केला, स्वतः लिहून स्वतः दिग्दर्शित केला, आणि त्यातील माणसे वैदर्भीय बोलतात. शेजाऱ्याच्या आत्महत्येने धास्तावलेली एक शेतकरीण आपल्या नवऱ्याने तसे काही करू नये म्हणून त्याच्यावर नजर ठेवते. लहान मुलास त्याच्या मागे मागे पाठविते. नवऱ्यास हा प्रकार उमगत नाही. एवढी एक युक्ती, आणि तीतून हसूही येते व पोटात गोळाही उठतो. बापाच्या पाठीमागून चालणारा हा मुलगा कोणत्याही कादंबरीतून उचललेला नाही. तो पडद्यासाठीच सुचलेला आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आमच्या नियतकालिकांनी जे लेख छापले त्यांत या एका कल्पनेच्या तोडीचे किती निघतील? तरी या पटकथेचे परीक्षण आमच्या वाङ्मयीन मासिकांत नाटकासारखे, संवाद उद्धृत करून, बांधणी तपासून झालेले आमच्या वाचनात आले नाही. चित्रपट व्यापाऱ्याने आणला नाही हे एक. आणि आला तेव्हा आम्ही तो वाचला नाही हे दुसरे.

शेजारच्या तेलुगू मुलखात काय चालते ते पाहण्यासारखे आहे. नाही तरी त्यांचे चित्रपट हिंदीचा पेहराव करून खामगाव-मलकापुरास येतात आणि आमची मुले ते पाहतात. १९५७ चा ‘मायाबाजार’ के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केला. विषय आमच्या परिचयाचा, अभिमन्यू आणि वत्सला यांच्या विवाहाचा. त्याचे संवाद पिंगळी नागेंद्रराव यांनी लिहिले आणि त्यांनी राक्षसांच्या तोंडी घालण्यासाठी घडविलेले शब्द तेलुगू लोकांच्या बोलण्यात रुळले. आजच्या काळात त्रिविक्रम श्रीनिवास हे संवादलेखक म्हणून नाव मिळवून मग २००२ साली दिग्दर्शक झाले; त्यांस लोक ‘माटल मांत्रिकुडू’, म्हणजे शब्दांचा मांत्रिक, म्हणतात. पटकथाकार व्ही. विजयेंद्र प्रसाद यांची २०२२ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. तेथेही भिकार चित्रपट ढिगाने निघतात, याविषयी आमच्या मनात संशय नाही. पण तेथील प्रेक्षक वाक्य कोणाचे ते विचारतो. आमच्याकडे ग. दि. माडगूळकरांसारख्या कवीने ‘दो आँखें बारह हाथ’ची पटकथा लिहिली, तरी ते ‘गीतरामायण’कार, आचार्य अत्रे यांनी लिहून-दिग्दर्शित केलेल्या ‘श्यामची आई’स १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तरी साने गुरुजींच्या त्या पुस्तकातून कोणत्या रात्री निवडल्या, कोणत्या गाळल्या आणि का, याचा अभ्यास कोणी केला आहे काय?

ही उपेक्षा केवळ मानापमानाची बाब असती तर आम्ही इतकी शाई खर्च केली नसती. जे वाचावयाचे नाही ते जपलेही जात नाही. प्रभातच्या पुण्यातील ज्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे तेथील कोठारास २००३ च्या जानेवारीत आग लागली आणि जुन्या नायट्रेटच्या फिती जळून गेल्या. नायट्रेट हा पदार्थच असा की, पेटला तर विझविणे कठीण. फीत गेली तर निदान पटकथेचा कागद मागे राहावा. नाटक मंडळी बुडाली तरी नाटकाचे पुस्तक राहिलेच ना? पण कागद छापलाच नसेल तर राहणार काय? आमच्या घरांतून जुन्या ट्रंकांच्या तळाशी चित्रपटगृहाच्या दारात विकली जाणारी गाण्यांची पुस्तके अजून सापडतात: मुखपृष्ठावर नायिका, आत कथेचा सारांश, आणि शेवटी ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’ अशा अर्थाची सूचना. पुष्कळ चित्रपटांचे तेवढेच अवशेष उरले आहेत. पडदाच नाहीसा झाल्यावर ती सूचना वाचताना कसेसेच होते.

वाचनालयांस आमचे सांगणे फार मोठ्या खर्चाचे नाही. ज्यांच्याकडे नाटकांचे कपाट आहे त्यांनी त्यात एक फळी पटकथांसाठी मोकळी करावी. जी थोडी छापील पुस्तके मिळतात ती आणावीत. ‘रणांगण’वर व्याख्यान ठेवले तर दुसऱ्या दिवशी त्याच माडीवर ‘शेजारी’ दाखवावा. आणि मासिकांनी, या मासिकाने सुद्धा, वर्षातून निदान दोन वेळा एखाद्या मराठी पटकथेचे परीक्षण कादंबरीच्या परीक्षणाइतक्याच जागेत छापावे. जागा कमी पडत असेल तर आमच्यासारख्यांचे लेख आखडते घ्यावेत.

त्या व्याख्यानानंतर आठ-दहा दिवसांनी तो तरुण पत्ता शोधीत आमच्याकडे आला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो हे त्याने पाहिले होते की नाही, ते त्याने बोलून दाखविले नाही. त्याच्याजवळ दोनशे पानी वही होती. तीपैकी सत्तर पाने भरली आहेत. डाव्या बाजूस काय दिसते ते, उजव्या बाजूस काय ऐकू येते ते, अशी आखणी त्याने आपल्या बुद्धीने केली आहे. गोष्ट जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या घेऊन रात्रभर थांबलेल्या बापलेकांची आहे. मधला भाग सैल आहे. एक मुंबईकर पत्रकार उगाच येतो, तो काढून टाकावा असे आम्ही सुचविले आणि त्याला ते फारसे पटले नाही. पण पहिला प्रवेश असा आहे की, भाव फुटेपर्यंत बाप एक शब्दही बोलत नाही आणि मुलगा ‘काऊन बोलत नाही बा?’ एवढेच तीन वेळा, तीन तऱ्हांनी विचारतो. वाचनालयाच्या दाखलवहीत अशा लेखनासाठी रकाना नसल्याने ही वही तेथे ‘संकीर्ण’मध्येही घेता आली नसती. तिच्यातील पहिल्या प्रवेशाची नक्कल आम्ही या लेखासोबत संपादकांकडे धाडीत आहोत. शुद्धलेखन तपासून दिले आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ यांस हात लावलेला नाही, आणि छापखान्यानेही लावू नये.